नटसम्राट (चित्रपट)

नटसम्राट – असा नट होणे नाही हा १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झालेला मराठी कौटुंबिक चित्रपट आहे. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' या गाजलेल्या नाटकावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शन महेश मांजरेकर यांचे असून निर्मिती विश्वास जोशी आणि नाना पाटेकर यांनी केली. पटकथा मांजरेकर व अभिजित देशपांडे यांची, तर संवाद किरण यज्ञोपवित यांचे आहेत. रंगभूमीवरून निवृत्त झालेला थोर नट गणपतराव बेलवलकर आपली सर्व मालमत्ता मुलांच्या हवाली करतो आणि उतारवयात पत्नीसह बेघर होतो, असे या चित्रपटाचे कथासूत्र आहे.

मूळ नाटक

'नटसम्राट' नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईतील बिर्ला मातोश्री सभागृहात झाला. धी गोवा हिंदू असोसिएशन ही निर्माती संस्था होती आणि दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे होते. गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी, तर त्यांच्या पत्नी कावेरीची भूमिका शांता जोग यांनी केली. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त आदी नटांनी अप्पांची भूमिका साकारली. या भूमिकेकडे मराठी नटाच्या सामर्थ्याची कसोटी म्हणून पाहिले जाऊ लागले. या नाटकासाठी शिरवाडकरांना १९७४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नाटकाच्या मुळाशी शेक्सपिअरचे 'किंग लिअर' आहे. शिरवाडकरांनी त्यापूर्वी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' (१९५४) आणि 'ऑथेल्लो' (१९६१) ही नाटके लिहिली होती. 'नटसम्राट'मध्ये मात्र त्यांनी लिअरचे कथानक जसेच्या तसे घेतले नाही. लिअर राज्य वाटून देतो. बेलवलकर आयुष्यभराची कमाई वाटून देतात. लिअरला तीन कन्या आहेत, त्यांतील धाकटी कॉर्डेलिया एकनिष्ठ आहे. बेलवलकरांना एक मुलगा व एक मुलगी असून कॉर्डेलियासारखे अपत्य नाही. निरपेक्ष माया त्यांना मिळते ती नात ठमीकडून आणि पुढे रस्त्यावर भेटलेल्या बूटपॉलिशवाल्या राजाकडून. सर्वांत मोठा फरक कावेरीचा आहे. लिअरची पत्नी रंगमंचावर येतच नाही, तर शिरवाडकरांनी अप्पांच्या शेजारी व्यवहार जाणणारी, मुलांचा स्वभाव ओळखणारी आणि तरीही पतीची साथ न सोडणारी स्त्री उभी केली. त्यामुळे राजाची शोकांतिका मराठी मध्यमवर्गीय घरात आली.

कथानक

रंगभूमीचा निरोप घेतल्यावर गणपतराव आपली मालमत्ता मुलगा आणि मुलगी यांना देऊन टाकतात. देताना ते कोणतीही अट घालत नाहीत. प्रथम ते मुलाकडे राहतात. त्यांचे मोकळे बोलणे, नाटकी ढंग आणि नातीला शिकवलेल्या गोष्टी यांवरून सुनेशी खटके उडतात. पती-पत्नी मुलीकडे जातात. काही दिवस बरे जातात, पण घरातील पैसे नाहीसे झाल्याचा आळ बापावर येतो. तो अपमान सहन न होऊन दोघे घर सोडतात. वाटेत कावेरीचा मृत्यू होतो आणि अप्पा रस्त्यावर दिवस काढू लागतात. मुले शोधत येतात, तेव्हा ते परत जाण्यास नकार देतात आणि आपल्या जुन्या भूमिकांच्या स्मरणात प्राण सोडतात.

कलाकार

- नाना पाटेकर – गणपतराव बेलवलकर
- मेधा मांजरेकर – कावेरी
- विक्रम गोखले – रामभाऊ
- मृण्मयी देशपांडे – विद्या (मुलगी)
- सुनील बर्वे – राहुल (जावई)
- अजित परब – मकरंद (मुलगा)
- नेहा पेंडसे – नेहा (सून)

रूपांतर

मराठी चित्रपटाचा रंगभूमीशी संबंध आरंभापासूनचा आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार होते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. ज्या महाभारतीय प्रसंगावर कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' (१९०७) हे सरकारने बंदी घातलेले नाटक उभे होते, त्याच प्रसंगावर 'सैरंध्री'ही बेतलेला होता. मूकपटाला कथा घेता येत होती, शब्द घेता येत नव्हता. 'नटसम्राट'च्या रूपांतरात अडचण नेमकी उलट होती. या नाटकाची घटनामालिका साधी आहे. त्याचे बळ शब्दांत, विशेषतः अप्पांच्या दीर्घ स्वगतांत आहे.

रंगमंचावरील स्वगत प्रेक्षकांना उद्देशून होते. सभागृहात बसलेले लोक हे बेलवलकरांचे रसिक असतात. त्यांच्याच टाळ्यांवर तो नट जगलेला असतो. म्हणून बेघर झालेला म्हातारा निवारा मागतो, तेव्हा ती मागणी थेट समोरच्या खुर्च्यांतील माणसांपर्यंत पोचते. चित्रपटगृहात नट हजर नसतो आणि पडद्यावरच्या माणसाला प्रेक्षक दिसत नाहीत. स्वगत जसेच्या तसे ठेवले, तर ते चित्रित केलेल्या नाटकासारखे वाटण्याचा धोका असतो; काढून टाकले, तर 'नटसम्राट' उरत नाही.

पटकथेने या पेचातून दोन मार्ग काढले. पहिला मार्ग रामभाऊ या पात्राचा. हे पात्र मूळ नाटकात नाही. रामभाऊ हा गणपतरावांचा समकालीन नट व जिवलग मित्र आहे. त्याच्यामुळे गणपतरावांना त्यांची भाषा समजणारा श्रोता मिळतो आणि स्वगताचा काही भाग संवादात उतरतो. रुग्णालयात दोघे मित्र महाभारतातील कर्ण-कृष्ण प्रसंग उभा करतात. ते दृश्य चित्रपटातील सर्वाधिक नावाजलेल्या दृश्यांपैकी एक आहे. तेथे रंगमंच नाही, वेशभूषा नाही; खाटेवरचा आजारी माणूस आणि त्याचा मित्र एवढेच आहेत. नट निवृत्त झाला तरी भूमिका त्याला सोडत नाहीत, हा मूळ नाटकातील आशय येथे वेगळ्या रीतीने प्रकट होतो.

दुसरा मार्ग घराच्या तपशिलाचा. नाटकात मुले व सून-जावई मुख्यतः अप्पांच्या नजरेतून दिसतात. चित्रपटात कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांजवळ जातो. त्यामुळे सुनेची अस्वस्थता, मुलाचे दुबळेपण आणि मुलीची कोंडी यांना अधिक जागा मिळते. विद्या क्रूर नाही. आईबापांवर तिचा जीव आहे आणि तरीही आळ घेण्याची चूक तिच्याच हातून घडते. या बदलामुळे कथेचा तोल एका नटाच्या शोकांतिकेकडून कुटुंबाच्या शोकांतिकेकडे काहीसा झुकला. पात्रांची नावेही बदलली. नाटकातील नंदा आणि नलू यांच्या जागी मकरंद आणि विद्या आले. अप्पांनी कावेरीला 'सरकार' म्हणण्याची रीत मात्र कायम राहिली.

अभिनयाच्या दृष्टीनेही दोन माध्यमांतील अंतर लक्षणीय आहे. पहिल्या प्रयोगाच्या वेळी डॉ. लागू ४३ वर्षांचे होते. वार्धक्य त्यांना आवाजातून, चालीतून व देहबोलीतून घडवावे लागले आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावे लागले. चित्रपट प्रदर्शित झाला तो नाना पाटेकरांचा ६५वा वाढदिवस होता. निकटदृश्यात वय चेहऱ्यावरच दिसत असल्यामुळे त्यांना अनेक ठिकाणी हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशी बोलता आले. विक्रम गोखले यांच्या घराण्यात रंगभूमी व चित्रपट दोन्हींची परंपरा होती. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले यांनी दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) या मूकपटात भूमिका केल्या होत्या.

प्रतिसाद

चित्रपटाला महाराष्ट्रात मोठी गर्दी झाली आणि उत्पन्नाच्या बाबतीत तो तोवरच्या मराठी चित्रपटांत अग्रस्थानी पोचला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने हा विक्रम मोडला. पाटेकर व गोखले यांच्या अभिनयाची विशेष प्रशंसा झाली. पुढे या कथेवर गुजरातीत 'नटसम्राट' (२०१८) याच नावाचा चित्रपट निघाला. त्यात सिद्धार्थ रांदेरिया प्रमुख भूमिकेत होते.

चित्रपटाच्या आधी सुमारे सात आठवडे, १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, सुबोध भावे दिग्दर्शित 'कट्यार काळजात घुसली' प्रदर्शित झाला होता. त्याचे मूळ नाटक 'नटसम्राट'चे पहिले दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर यांनीच लिहिले होते. जुन्या नाटकांवरील हे दोन चित्रपट पाठोपाठ लोकप्रिय झाल्याने मराठी नाटकाकडे चित्रपटसृष्टीचे लक्ष पुन्हा वेधले गेले.

सामाजिक संदर्भ

वृद्ध आईवडिलांची परवड हा विषय मराठी चित्रपटाला नवा नव्हता. राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस' (१९५४) या चित्रपटात एका वृद्ध शिक्षकाची व त्याच्या पत्नीची मुलांच्या संसारात होणारी ताटातूट दाखवली होती. 'नटसम्राट'चे वेगळेपण असे की, त्यातील वृद्ध केवळ दयनीय नाही. तो हट्टी, फटकळ आणि अहंकारीही आहे. त्यामुळे दोष कोणाचा, या प्रश्नाचे सोपे उत्तर मिळत नाही.

नाटक आणि चित्रपट यांच्यामध्ये ४५ वर्षांचे अंतर आहे. या काळात भारतात आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ हा कायदा झाला. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द ठरवून घेता येते. म्हणजे १९७० साली बेलवलकरांपुढे नसलेला मार्ग २०१६ मधील प्रेक्षकासमोर होता. पण हे संरक्षण अटीवर अवलंबून आहे आणि बेलवलकरांनी अट घातलेली नाही. आपल्या मुलांना देताना कागद करावा, हे त्यांच्या मनातही येत नाही. शिवाय मुले न्यायला येतात तेव्हाही ते घरी परतत नाहीत. त्यांना हवा असलेला मान कोणतेही न्यायाधिकरण मिळवून देऊ शकत नाही. कायदा बदलल्यानंतरही ही कथा जुनी वाटली नाही, याचे एक कारण यात सापडते.