गिफ्ट कार्ड आणि नाव न सांगता खर्च करायची जुनी गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. विषय आहे गिफ्ट कार्ड. भेट द्यायचं कार्ड नव्हे, स्वतःसाठीच घेतलेलं. आधी पैसे भरून कार्ड घ्यायचं आणि मग त्यावरून खरेदी करायची, म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटवर आपण कुठे काय घेतलं ते दिसत नाही.

कुणी म्हणेल, एवढं लपवायचंय काय? तर बघा. कुणाला मानसोपचाराची औषधं घ्यायची असतात, कुणाला प्रेग्नन्सी टेस्ट, कुणाला एखादं पुस्तक. खातं वडिलांच्या नंबरला जोडलेलं असतं आणि प्रत्येक खर्चाचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर जातो. यात गुन्हा काहीच नाही, फक्त घरात चर्चा नको असते. ही गरज आजची नाही. ती भागवायची साधनं मात्र दर पिढीत बदलली.

सुरुवात हुंडीपासून करू. आपल्याकडचे सराफ आणि सावकार नाणी गाडीत घालून नेण्याऐवजी कागद पाठवायचे. त्यातली धनीजोग हुंडी ज्याच्या हातात असेल त्याला पैसे मिळायचे. पण ती चोरीला गेली तर? म्हणून शाहजोग हुंडी होती. तिचे पैसे फक्त 'शाह' म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळायचे. पुढे काही लफडं निघालं तर त्या शाहला धरता यायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर ही केवायसीच झाली! म्हणजे 'पैसा कुणाचाही चालेल' आणि 'पैसा कुणाचा ते कळलं पाहिजे' ही ओढाताण मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

मग पोस्ट आलं. 1877 मध्ये व्ही.पी. सुरू झाली आणि 1880 मध्ये मनीऑर्डर. मनीऑर्डरवर पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम, शिवाय खाली चार ओळींचा निरोप. भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाने गावी किती पाठवले ते पोस्टमनला कळायचं आणि घरी वाचता येणारं कुणी नसेल तर तोच वाचूनही दाखवायचा. व्ही.पी. म्हणजे आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीची आजी. पार्सल दारात आल्यावर पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे. जुन्या मराठी मासिकांच्या जाहिरातींत 'व्ही.पी.ने मागवा' हे शब्द सतत भेटतात. तुम्ही काय मागवलं हे गावच्या दुकानदाराला कळत नसे, पण पार्सल आलं हे पोस्टमनला कळायचंच.

इथे एक कायदा लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँक कायदा, 1934, त्याचं कलम 31. 'हा कागद जो दाखवेल त्याला मागताक्षणी पैसे देऊ' असं लिहिलेली वचनचिठ्ठी रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार सोडून कुणीही काढू शकत नाही. म्हणजे निनावी पैसा छापायचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला. तोच आपल्या खिशातल्या नोटा.

आता आपल्या पिढीकडे येऊ. स्क्रॅच कार्ड आठवतंय? दुकानातून रोख देऊन कार्ड घ्यायचं, नाण्याने खरवडायचं, आकडे टाकायचे, झाला रिचार्ज. दुकानदाराला तुमचा नंबर सांगावा लागत नसे. नंतर 'इझी रिचार्ज' आलं. सोय झाली, पण नंबर तोंडाने सांगायचा आणि तो दुकानदाराच्या वहीत लिहिला जायचा. मुलींना यात काय त्रास झाला असेल ते वेगळं सांगायला नको. निनावीपणा कुणी हिसकावून घेतला नाही. सोयीच्या बदल्यात तो हळूच निघून गेला.

प्रीपेड पैशाला आपल्याकडे नियम आले 27 एप्रिल 2009 रोजी, रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधून. ज्या कंपनीचं कार्ड, त्याच कंपनीकडे चालणार असेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. अनेक दुकानांत चालणार असेल तर लागते. मग 11 ऑक्टोबर 2017 रोजी सविस्तर आदेश निघाला. गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त 10,000 रुपयांचं, त्यात पुन्हा पैसे भरता येणार नाहीत, त्यातून रोख काढता येणार नाही आणि कार्ड विकत घेणाऱ्याची केवायसी माहिती कंपनीने ठेवायची. पैसे बँक खात्यातून किंवा क्रेडिट कार्डावरून दिले असतील तर वेगळी केवायसी नको, कारण ती बँकेकडे आहेच. गंमत म्हणजे त्याच वर्षी 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दोन्ही गोष्टी सात आठवड्यांच्या आत!

एवढा कडकपणा कशाला? उत्तर आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर धाडी घातल्या. शेकडो तरुणांना ताब्यात घेतलं. इथून अमेरिकेत फोन जायचे, 'आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, थकबाकी भरा नाहीतर अटक होईल.' घाबरलेल्या माणसाला दुकानात पाठवायचं, प्रीपेड किंवा गिफ्ट कार्ड घ्यायला लावायचं आणि मागचे आकडे फोनवर वाचून घ्यायचे. आकडे मिळाले की पैसे गेले, कारण कार्ड कुणाचं हे कुणी विचारतच नाही. जो गुण औषध घेणाऱ्या मुलीच्या कामाचा, तोच चोराच्याही कामाचा. धनीजोग हुंडीचं दुखणं हेच होतं. म्हणून एक नियम पाठच करा: कुठलंही सरकारी खातं दंड गिफ्ट कार्डने घेत नाही. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा.

आता शेवटचा टप्पा, भिवंडीजवळचं पूर्णा. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ हा सगळा पट्टा गोदामांचा आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, तरी मुंबईच्या दाराशी, म्हणून इथे गोदामं वाढली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं राहिली, आणि ऑनलाइन खरेदीचा माल तिथूनच निघतो. समजा तुम्ही गिफ्ट कार्ड वापरून अगदी गुपचूप काही मागवलं. अशा एखाद्या गोदामात त्या खोक्यावर काय चिकटतं? तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर. पैसे निनावी, खोकं मात्र नावासकट!

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला थर म्हणतो. पैशाचा एक थर, खात्याचा दुसरा, पत्त्याचा तिसरा. गिफ्ट कार्ड फक्त पहिला थर झाकतं. तुमच्या खात्यात लॉगिन करून कोड टाकलात की विक्रेत्याला सगळं कळतं. कार्ड यूपीआयने घेतलं तर कार्ड घेतल्याची नोंद बँकेत राहते. मग फायदा काय? फायदा आहे, पण मर्यादित. घरच्यांच्या नजरेपासून आडोसा मिळतो आणि आपल्या बँक कार्डाचा नंबर प्रत्येक वेबसाइटला द्यावा लागत नाही. सरकारपासून किंवा पोलिसांपासून काहीही लपत नाही. म्हणून कार्ड घेण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'मला हे नेमकं कुणापासून लपवायचंय?'

तंत्रज्ञानाने याहून चांगलं करता येतं का? येतं. 1982 मध्ये डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक युक्ती मांडली. आत कार्बन असलेलं बंद पाकीट बँकेला द्यायचं. बँक बाहेरून सही करते, सही आतल्या कागदावर उमटते, पण कागदावर काय आहे ते बँकेला दिसत नाही. पैसा खरा आहे हे सिद्ध होतं, कुणी खर्च केला ते कळत नाही. त्याची डिजिकॅश कंपनी 1998 मध्ये बुडाली, कल्पना राहिली. रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 रोजी सामान्य लोकांसाठी ई-रुपयाची चाचणी सुरू केली, तेव्हाही छोट्या व्यवहारांत रोखीसारखा निनावीपणा असावा हा मुद्दा चर्चेत होताच.

माझं मत सांगतो. मोठ्या रकमेला नाव लागलंच पाहिजे, मीरा रोडने ते शिकवलंय. पण दोनशे रुपयांच्या औषधालाही नाव लागणार असेल, तर नोटेने गरिबातल्या गरीब माणसाला दिलेली एक साधी मोकळीक आपण स्क्रॅच कार्डासारखीच, न बोलता घालवू. दोनशेची नोट चालते आहे तोवर ती मोकळीक आहे. पुढे ती हवी असेल तर आपल्यालाच मागावी लागेल.

तुमच्या घरी व्ही.पी. किंवा मनीऑर्डरच्या आठवणी असतील तर आजी-आजोबांना विचारून नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!