थांबणारा पाळणा

रोपवेत बसला असाल तर आठवत असेल, पाळणा स्थानकात येतो पण बरेचदा पूर्ण थांबत नाही. तो सरकत असतो आणि आपण पटकन पाऊल टाकून आत शिरतो. ज्याला ते पाऊलच टाकता येत नाही, त्याने काय करायचं? आजची गोष्ट या एका पावलाची आहे.

२३ जून १९५६ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘स्कायवे’ सुरू झाला. स्वित्झर्लंडच्या फॉन रोल कंपनीने तो बांधला होता. दोघांपुरत्या उघड्या बादलीसारख्या पाळण्यात बसून लोक बागेच्या एका टोकाकडून दुसरीकडे जात. त्यात चाकाची खुर्ची मावणं शक्यच नव्हतं. १९७१ साली फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्येही स्कायवे आला.

खुर्च्या मात्र पुढे जात होत्या. हर्बर्ट एव्हरेस्ट यांना अपघातामुळे चालता येत नव्हतं. मित्र हॅरी जेनिंग्ज यांच्यासोबत त्यांनी १९३०च्या दशकात मोटारीत ठेवता येईल अशी घडीची व्हीलचेअर तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी जखमी सैनिकांसाठी विजेवर चालणारी खुर्ची बनवली. १९६८ साली मिशिगनमध्ये अ‍ॅलन थिम यांनी घरातल्या आजारी माणसासाठी बॅटरीची छोटी गाडी केली. तीच आजची मोबिलिटी स्कूटर. म्हणजे माणूस घराबाहेर पडायला तयार होता, पण बाहेर जागोजागी पायऱ्या होत्या.

वाट मागून घ्यावी लागली. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अनेक दिव्यांग आंदोलकांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसद भवनाच्या पायऱ्या ते रांगत, सरपटत चढले. त्यांच्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. २६ जुलै १९९० रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकेच्या दिव्यांग हक्क कायद्यावर सही केली. हॉटेलं, नाट्यगृहं, करमणुकीच्या बागा अशा खासगी पण लोकांसाठी खुल्या असलेल्या जागाही या कायद्याखाली आल्या. जुने स्कायवे पुढे बंद झाले, कॅलिफोर्नियातला १९९४ साली आणि फ्लोरिडातला १९९९ साली.

२९ सप्टेंबर २०१९ रोजी डिस्ने वर्ल्डमध्ये पुन्हा पाळणे फिरू लागले. या ‘स्कायलायनर’ची यंत्रणा ऑस्ट्रियाच्या डोपलमायर कंपनीची. मोठा फरक असा की ही करमणुकीची फेरी नव्हती. हॉटेलांपासून बागांपर्यंत नेणारं ते रोजचं वाहन होतं. एखादी फेरी हुकली तर हळहळ वाटते, पण वाहनातच चढता येत नसेल तर माणूस मागे राहतो.

यावरचा उपाय साधा आहे. केबिन चिमट्याने दोर पकडून चालते. स्थानकात चिमटा सुटतो आणि दोर वेगाने धावत असतानाच केबिन रुळावर संथ होते. बहुतेक स्थानकांत बाजूला आणखी एक मार्गिका आहे. व्हीलचेअर किंवा स्कूटरवरचा प्रवासी आला की केबिन तिकडे वळवून पूर्ण थांबवतात. दार फलाटाच्या पातळीला येतं. तो आपल्या वेळेने आत जातो आणि मुख्य रांग चालूच राहते. त्याच्यासाठी सगळे खोळंबले, अशी टोचणी त्याला लागत नाही. माझ्या मते या रचनेचं खरं मोल यात आहे.

पण चढणं म्हणजे अर्धीच गोष्ट. उद्घाटनानंतर आठवडाभरातच, ५ ऑक्टोबरला, एक मार्ग बंद पडला आणि काही प्रवासी तीन तासांहून अधिक वेळ हवेत अडकले. अशा वेळी धडधाकट माणसाला शिडीने उतरवता येतं. खुर्चीवरच्या माणसाला सुखरूप उतरवायची तयारी मात्र आधीच करून ठेवावी लागते.

हे सगळं आपल्यासाठी लांबचं नाही. २०२३च्या मार्चमध्ये वाराणसीत शहरी रोपवेची पायाभरणी झाली. आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही सुगम वाहतुकीची जबाबदारी सरकारवर टाकतो. तेव्हा तुमच्या गावात रोपवे येणार असेल, तर तिकीट किती हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, पाळणा पूर्ण थांबेल का? आणि मध्येच अडकला, तर सगळ्यांना खाली कसं आणणार? नकाशा कागदावर आहे तोवरच हे प्रश्न विचारलेले बरे. एकदा खांब उभे राहिले की नवी मार्गिका घालणं फार अवघड जातं.