ना. गोखले यांचें वरिष्ठ कायदे-कौन्सिलांतील कार्य

कायदेमंडळांतील सभासदाच्या कार्याचें मोजमाप सामान्यतः त्यानें मंजूर करून घेतलेल्या कायद्यांवरून करण्यांत येतें. हें माप लाविलें तर ना. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नांवावर फारसें कांहीं जमा दिसत नाहीं. १९०२ पासून १९१५ सालीं मृत्यु येईपर्यंत ते हिंदुस्थान सरकारच्या वरिष्ठ कायदे-कौन्सिलाचे सभासद होते. परंतु त्यांनीं आणलेलें सर्वांत महत्त्वाचें बिल नापास झालें, आणि त्यांनीं विरोध केलेले बहुतेक कायदे पास झाले. मग या कार्याचें ऐतिहासिक मूल्य काय? पुण्यांतील दुसऱ्या पक्षानें तेव्हांच हा प्रश्न केला होता. त्याचें उत्तर कौन्सिलाच्या कामकाजाच्या छापील पुस्तकांत शोधावें लागतें.

प्रथम त्या सभेचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. १८९२ च्या कायद्यानें सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण ठराव मांडण्याची किंवा अंदाजपत्रकावर मत घेण्याची मिळाली नाहीं. उपप्रश्नहि विचारतां येत नसे. सरकारी सभासदांचें बहुमत कायमचें होतें. म्हणजे वादाचा निकाल वादापूर्वींच ठरलेला असे. एकच गोष्ट मात्र सरकारच्या हातीं नव्हती. जें कौन्सिलांत बोललें जाई तें सरकारच्याच कामकाजांत छापून निघे. गोखल्यांनीं या एका सवलतीचा जेवढा उपयोग केला तेवढा त्यांच्यापूर्वीं क्वचितच कोणी केला असेल.

१९०२ च्या मार्चच्या २६ तारखेस कलकत्त्यास त्यांनीं अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होते व सर एडवर्ड लॉ जमाखर्चाचे मंत्री. सुमारें सात कोटि रुपयांची शिल्लक दाखविण्यांत आली होती, आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून सरकारपक्ष तीबद्दल समाधान मानीत होता. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दोन भयंकर दुष्काळांतून देश नुकताच निघाला होता. अशा वेळीं ही शिल्लक आली कोठून, हा गोखल्यांचा प्रश्न होता. १८९३ सालीं टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्यावर रुपयाचा भाव कालांतरानें १३ पेन्सांच्या आसपासपासून १६ पेन्सांवर चढला. १३ पेन्सांच्या भावानें विलायतेस एक पौंड भरावयास साडेअठरा रुपयांच्या जवळपास लागत. १६ पेन्सांच्या भावानें पंधराच पुरत. विलायती खर्चाचा बोजा अशा रीतीनें हलका झाला, पण पूर्वीं त्याच बोज्यासाठीं वाढविलेले कर तसेच राहिले. मिठावरील कर १८८८ सालीं मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यांत आला होता, तो अडीचच होता. शेतकऱ्याचा सारा रुपयांतच ठरलेला. रुपया महाग झाला म्हणून तो कमी झाला नाहीं. तेव्हां ही शिल्लक लोकांच्या सुबत्तेंतून आलेली नसून गरजेपेक्षां अधिक घेतलेल्या करांतून आलेली आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यासाठीं त्यांनीं बाहेरचा एकहि साक्षीदार आणला नाहीं; सरकारी आंकड्यांकडूनच साक्ष वदविली. ही पद्धति त्यांस न्यायमूर्ति रानडे यांच्या सहवासांत व गणेश व्यंकटेश जोशी यांच्या साहाय्यानें साध्य झाली होती. १८९७ सालीं वेल्बी कमिशनापुढें दिलेल्या साक्षींत तिची कसोटीहि लागली होती.

पुढें मिठाचा कर १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया व १९०७ सालीं एक रुपया झाला. प्राप्तीवरील कराची माफीहि १९०३ सालीं पांचशें रुपयांवरून एक हजारापर्यंत वाढविण्यांत आली. हें सर्व गोखल्यांच्या भाषणांचें फळ असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. शिल्लक नसती तर नुसत्या युक्तिवादानें कर उतरला नसता. परंतु शिल्लक ही करदात्याची आहे, खर्चखात्यांची नव्हे, हें त्यांनीं वर्षानुवर्षें सरकारच्या दप्तरांतच लिहवून ठेविलें, एवढें निर्विवाद आहे.

१९०९ च्या सुधारणांनीं ठराव मांडण्याचा हक्क आला, पण वरिष्ठ कौन्सिलांतील सरकारी बहुमत गेलें नाहीं. १९१० च्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस गोखल्यांनीं नाताळ वसाहतीसाठीं करारबंद मजुरांची भरती थांबविण्याचा ठराव मांडला. या पद्धतीनें मजूर नेण्यास १८६० पासून आरंभ झाला होता, आणि करार संपल्यावर तेथेंच राहूं इच्छिणाऱ्यांवर वर्षास तीन पौंडांचा कर लादण्यांत आला होता. सरकारनें ठराव मान्य केला, आणि १९११ च्या जुलैच्या १ तारखेपासून नाताळची भरती बंद झाली. पण १९१२ च्या मार्चमध्यें ही पद्धतच सर्वत्र नाहींशी करावी असा ठराव त्यांनीं आणला तेव्हां तो फेटाळला गेला. चार वर्षांनीं पंडित मदन मोहन मालवीय यांनीं तोच प्रश्न पुनः मांडला व सरकारनें तत्त्व मान्य केलें. १९१७ सालीं भरती थांबली. तें पाहावयास गोखले नव्हते.

प्राथमिक शिक्षणाच्या बिलाची कथा अशीच आहे. १९११ च्या मार्चच्या १६ तारखेस आणलेलें हें बिल फार मर्यादित होतें. सक्तीचा अधिकार स्थानिक संस्थांस, तोहि सरकारच्या संमतीनें. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. ज्याची प्राप्ति दरमहा दहा रुपयांहून कमी त्याच्या मुलास फी माफ. बडोदें संस्थानानें १९०६ सालीं याहून मोठें पाऊल टाकलें होतें. तरीहि १९१२ च्या मार्चच्या १९ तारखेस ३८ विरुद्ध १३ मतांनीं तें नामंजूर झालें. हा निकाल गोखल्यांस अगोदरच ठाऊक होता, आणि तसें त्यांनीं सभेंत सांगितलेंहि. आपल्या पिढीस अपयशानेंच देशसेवा करावी लागणार, हा त्यांच्या समारोपाचा आशय होता. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत सक्तीचा पहिला कायदा झाला; सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेंत येण्यास २००२ साल उजाडलें.

या पद्धतीस मर्यादाहि होत्या, त्या झांकणें इतिहासास शोभणार नाहीं. १९१० च्या छापखान्यांच्या कायद्यास गोखल्यांनीं विरोध केला नाहीं, व त्याबद्दल त्यांस दोष लागला तो निराधार नव्हता. ज्या सभेंत सरकारशीं बोलत राहणें हेंच शस्त्र, तेथें बोलणें तुटूं नये म्हणून कधीं कधीं फार मोठी किंमत द्यावी लागते.

तथापि मतांच्या आंकड्यांवरून असल्या सभासदाची किंमत करूं नये, हा निष्कर्ष वरील प्रसंगांवरून निघतो. ३८ विरुद्ध १३ हा त्या दिवसाचा निकाल होता. ज्या दप्तरांत तो नोंदला गेला त्याच दप्तरांत त्याचें खंडनहि नोंदलेलें आहे, आणि पुढच्या पिढ्यांनीं त्यांपैकीं दुसरेंच प्रमाण मानिलें.