चव्हाण, सुलोचना

(मार्च १९३३ – १० डिसेंबर २०२२). मराठी लावणीगायिका व हिंदी चित्रपटांच्या पार्श्वगायिका. माहेरचे आडनाव कदम. जन्म व मृत्यू मुंबई येथे. मूकपटांच्या काळातील रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना आणि मराठी पडद्यावरील सुलोचना लाटकर या दोन अभिनेत्रींशी त्यांची नामसाम्यामुळे गल्लत होते. शिवाय विवाहापूर्वीची गाणी ‘सुलोचना कदम’ या नावाने दाखल असल्याने, एकाच गळ्याचे दोन खातेउतारे असावेत त्याप्रमाणे त्यांची हिंदी व मराठी कारकीर्द निरनिराळी वाचली जाते. प्रस्तुत नोंदीत ती एकत्र घेतली आहे.

पूर्ववृत्त : बालपण गिरगावातील चाळीत गेले. गणेशोत्सवात मेळे काढण्याची त्या काळी मुंबईत जी वहिवाट होती, तिच्यातील एका बालमेळ्यात त्या लहानपणी गाऊ लागल्या, आणि मेळ्याच्या रंगमंचावरूनच त्यांची चित्रपटाशी गाठ पडली. गुरूपुढे बसून घेतलेली रीतसर तालीम त्यांच्या वाट्यास आली नाही. ग्रामोफोनवरील तबकड्या पुनःपुन्हा ऐकणे हीच त्यांची शाळा. गायिका वत्सला कुमठेकर यांच्या लावणीच्या ध्वनिमुद्रिका त्या अशाच ऐकत. परंतु लावणी हा प्रकार कुलीन घरात निषिद्ध मानला जात असल्याने मातोश्रींचा त्यास सक्त विरोध असे.

हिंदी चित्रपट : श्यामबाबू पाठक यांच्या संगीतातील ‘कृष्ण सुदामा’ हा त्यांचा पहिला चित्रपट मानतात, त्या वेळी त्यांचे वय नऊ वर्षांचे होते, असे सांगितले जाते. महंमद रफी, मन्ना डे यांच्याबरोबर त्या गायल्या. हिंदीतील त्यांची कीर्ती मुख्यत्वे ‘ढोलक’ (१९५१) या एका चित्रपटावर उभी आहे.

‘चोरी चोरी आग सी’ : ‘ढोलक’मधील हे विरहगीत. दिग्दर्शक रूप के. शोरी, संगीतकार ‘लाहोर’ व ‘बाजार’ (दोन्ही १९४९) या चित्रपटांमुळे नावाजलेले श्यामसुंदर. याच चित्रपटात सतीश बात्रा यांच्यासमवेत सुलोचनाबाईंनी गायिलेले ऋतूच्या रंगांचे प्रसन्न युगुलगीतही लोकप्रिय झाले; पण मीलनाच्या त्या गाण्यापेक्षा ताटातुटीचे हे गाणेच श्रोत्यांच्या अधिक स्मरणात राहिले.

गीताचा आशय थोडका आहे : प्रीतीची ठिणगी टाकणारा नामानिराळा होऊन निघून गेला आहे, आणि जळण्याचे काम मागे राहिलेलीकडे आले आहे. विरह हा विषय लावणीस अपरिचित नव्हे. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या रचनांत विरहिणी पदोपदी भेटते. तथापि पेशवाईतील त्या नायिकेचा कांत बहुधा मोहिमेवर गेलेला असतो, त्यास स्वारीचा हुकूम असतो, आणि त्यामुळे तिच्या तक्रारीचा रोख त्याच्यावर असतो तितकाच दैवावर आणि सरकारी चाकरीवर असतो. ‘ढोलक’मधील प्रियकर कोणाच्या हुकुमाने गेलेला नाही; तो आपखुशीने गेला आहे. म्हणून या गाण्यात वाट पाहणे नाही, खलिता नाही, शकुन नाहीत. केवळ झालेल्या गोष्टीची कैफियत आहे, आणि ती अठराएक वर्षांच्या मुलीने रडवेपणाचा आश्रय न घेता, शब्दाचा कणा ताठ ठेवून मांडली आहे. बैठकीची लावणी गाणारीला एकेका ओळीवर हवा तितका वेळ अदा करीत रेंगाळता येई. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचाच अवकाश. तेवढ्यात भाव उभा करावयाचा तर शब्द पहिल्याच फेकीत श्रोत्यापर्यंत पोहोचला पाहिजे. सुलोचनाबाईंच्या लावणीगायनाची जी शब्दफेक पुढे वाखाणली गेली, तिचा पाया या विरहगीतात स्पष्ट दिसतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गीताच्या प्रसाराबाबत एक आनुषंगिक बाब नमूद करण्याजोगी आहे. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाल्यावर आकाशवाणीने चित्रपटगीतांबाबत हात आखडता घेतला, आणि श्रोतृवर्ग रेडिओ सिलोनकडे वळला. विविध भारती सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. मधल्या काळात हिंदी गाणे खेड्यापाड्यांत गेले ते परदेशी केंद्राच्या आणि फिरत्या ग्रामोफोनच्या आधारे.

लावणी : आचार्य अत्रे यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’साठी वसंत देसाई यांच्या संगीतात त्या प्रथम लावणी गायल्या. ‘लावणीसम्राज्ञी’ ही उपाधी अत्र्यांनी दिली, असे म्हणतात. ‘कलगीतुरा’ या चित्रपटाच्या निमित्ताने त्याचे दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी परिचय व पुढे विवाह झाला. लावणीचे उच्चार, ठसका आणि शब्दावरील जोर यांचे शिक्षण आपणांस पतीकडून मिळाले, असे त्या कृतज्ञतेने सांगत.

संगीतकार वसंत पवार यांच्याबरोबरची त्यांची कामगिरी हा या कारकिर्दीचा मध्यान्ह होय. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) मधील कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची लावणी ही कवी जगदीश खेबूडकर यांच्या चित्रपटगीतलेखनाची सुरुवात ठरली. त्यानंतर ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) मधील सोळाव्या वर्षाची लावणी आणि ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) मधील ग. दि. माडगूळकरांची ‘फड सांभाळ’ या रचना घरोघरी झाल्या. १९६५ मध्येच पवार निवर्तले. खासगी ध्वनिमुद्रिकांत राजा बढे यांनी लिहिलेली व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेली ‘कळीदार कपुरी पान’ ही बैठकीच्या वळणाची रचना श्रेष्ठ ठरते.

व्यासपीठावर त्या डोक्यावर पदर घेऊन, जागेवरून न हलता गात. शब्द कितीही शृंगारिक असला तरी हातवाऱ्याने त्यास पुस्ती जोडण्याची गरज त्यांना भासली नाही. जी लावणी मध्यमवर्गीय घरात पूर्वी चोरून ऐकली जाई, ती कुटुंबासह बसून ऐकण्याजोगी झाली, त्यात या संयमाचा वाटा मोठा आहे. लावणी अशा रीतीने प्रतिष्ठित झाली की फडावरील कलावंतिणींच्या हातून निसटली, याविषयी मतभेद आहेत.

झाडीपट्टीतील अनुषंग : सुलोचनाबाईंची गाणी पूर्व विदर्भात कोणत्या भूमीवर पोहोचली, याचे उदाहरण म्हणून सडक अर्जुनी पाहता येईल. हा तालुका (१ मे १९९९ पूर्वी भंडारा, तदनंतर गोंदिया जिल्हा) मुंबई–कोलकाता महामार्गावर असला, तरी त्याचा सांस्कृतिक मुलूख भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली मिळून होणाऱ्या झाडीपट्टीचा आहे. येथे लावणी प्रथम ध्वनिमुद्रिकेतून आली असे समजणे चूक होय. खडी गंमत आणि दंडार या येथील जुन्या लोकनाट्यप्रकारांत ढोलकीच्या साथीने शृंगार व विरह दोन्ही गायिले जात, आणि स्त्रीची भूमिका लुगडे नेसलेला पुरुष करी. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या परंपरेचा साक्षेपाने अभ्यास केला आहे.

चित्रपटातील लावणी आली ती या तयार जमिनीत. धानाची कापणी उरकून दिवाळी झाली की गावोगाव आळीपाळीने मंडई भरते; पुढे शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस येतात; आणि त्या रात्री वडसा येथील नाटक कंपन्या शेतात उभारलेल्या मंचावर पहाटेपर्यंत प्रयोग करतात. मंचासमोर ऑर्गन व तबला घेऊन वादक बसलेले असतात. संसाराची फारकत दाखविणारा गंभीर प्रवेश संपला न संपला तोच लावणी सुरू होते, आणि डोळे पुसणारा प्रेक्षक शिट्टी वाजवितो. नागर समीक्षक यास रसभंग म्हणतात. परंतु एकाच गळ्यातून विरहगीत आणि ठसक्याची लावणी ऐकलेल्या पिढीस या दोन रसांत असे वैर दिसले नसावे. उभे पीक राखण्याच्या रूपकावर बेतलेली ‘फड सांभाळ’ उसाच्या मुलखातील असली, तरी धानाच्या बांधावर रात्र काढणाऱ्यास तिचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

कौटुंबिक : पुत्र विजय चव्हाण हे ख्यातनाम ढोलकीवादक.

आत्मकथन : ‘माझं गाणं माझं जगणं’.

सन्मान : महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार, संगीत नाटक अकादमी पुरस्कार (२०१२), पद्मश्री (२०२२).

मूल्यमापन : शृंगाराची गायिका ही त्यांची सर्वमान्य ओळख यथार्थ असली तरी अपुरी आहे. ‘चोरी चोरी आग सी’ आणि ‘फड सांभाळ’ ही गाणी लागोपाठ ऐकली असता ध्यानात येते की, दोहोंतील स्त्री आपली बाजू स्वतःच मांडते, कोणाची दया मागत नाही, आणि शेवटचे अक्षर गिळत नाही. मराठी लावणीस त्यांनी दिलेला ठसका हा मुळात या स्पष्टोक्तीचा गुण असून, पतीकडून मिळालेल्या शिक्षणापूर्वीच त्याचा पाया त्यांच्या विरहगीतात दिसतो.