दांडा का मोडतो?
कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील करजगी परिसरात काळ्या जमिनीवर तूर आणि ज्वारी पिकते. बाभूळही याच मातीत वाढते. कुऱ्हाड, कुदळ, फावडे यांचे दांडे दख्खनमध्ये पूर्वापार बाभूळ किंवा धावड्याच्या लाकडाचे केले जातात. ही लाकडे कठीण तितकीच चिवट असल्याने आघात सोसतात.

स्वस्त दांडा अनेकदा हलक्या, न वाळलेल्या लाकडाचा असतो. त्यातील रेषा लांबीला समांतर नसून तिरप्या असतील, तर घाव बसताच तंतू एकमेकांपासून सुटतात आणि दांडा तिरका फाटतो. गाठी व भेगा रंगाखाली दडतात. ओले लाकूड वाळताना आकसते, पाचर सैल होते आणि पाते निसटून इजा होऊ शकते. सैल दांडा पाण्यात भिजवणे हा तात्पुरता उपाय होय. फुगलेले तंतू लोखंडात चेपले जातात व वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा सैल होतो. प्लास्टिकची मूठ उन्हातील अतिनील किरणांमुळे ठिसूळ बनते.

म्हणून रंग न दिलेला, वाळलेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषांचा दांडा निवडावा. भेग दिसताच तो बदलावा. तार गुंडाळल्याने ताकद परत येत नाही.