लेक देणारा बाप: देज, शुल्क आणि हुंडा

1950 साली 'फादर ऑफ द ब्राइड' हा हॉलिवूडचा विनोदी चित्रपट आला. स्पेन्सर ट्रेसीने रंगवलेला बाप लग्नाच्या खर्चाने त्रासतो आणि त्या त्राग्याआड लेक दुरावल्याचे दुःख दडवतो. त्याच्या हातून पैसाही जातो, मुलगीही.

दोन्ही बापाच्याच हातून जावे, हा मात्र सनातन नियम नव्हे.

वर्धा आणि वैनगंगा यांच्यामधले गोंडपिपरी ब्रिटिश काळात मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडे. या प्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ 1916 साली निघाला. त्यातील गोंडांच्या विवाहवर्णनात पैसा उलट दिशेने वाहतो. वरपक्ष वधूपित्याला देज देतो. ज्याला देज परवडत नाही तो 'लमसेना' होतो; भावी सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षे त्याच्या शेतात राबतो. लेक सोडण्यापूर्वी जावई नांगरामागे कसा चालतो, हे बापाला रोज दिसे! लेकीच्या जाण्याने घर कामाचे दोन हात गमावते, याची ही कबुलीच होती. आतेमामे भावंडांच्या विवाहाला 'दूध लौटाना' म्हणत. एका पिढीत दिलेल्या लेकीची फेड पुढच्या पिढीत होई. अर्थात या हिशेबात मुलीच्या मनाला किती जागा होती, हा प्रश्न उरतोच.

पैसे घेणारा दुसरा बाप मराठी रंगभूमीवर 1899 साली अवतरला. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकातील कांचनभट द्रव्यलोभाने आपली कोवळी लेक वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो. आई इंदिराकाकूंचा विरोध चालत नाही. विवाह अखेर मोडतो तो वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. मुलीचे वय हे कारण तेथे पुरेसे ठरत नाही. भुजंगनाथाच्या बोहल्यावर चढण्याच्या हौसेला प्रेक्षक हसत, तरी प्रेक्षागारात असे बाप बसलेले असणारच.

1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय 14 ठरवले. 'सारडा कायदा' हे त्याचे नाव या नाटकावरून पडले, असा समज कानावर येतो. तो चुकीचा आहे. नाव अजमेरच्या हरबिलास सारडांचे.

पुढे पैशाची दिशाच फिरली. 1961 साली हुंड्याविरुद्ध कायदा करावा लागला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत हिवाळ्यात रात्रभर रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांतही हुंडा हा विषय येतो. तिथला बाप पुन्हा पैसाही देतो आणि मुलगीही.