२७ मिलिमीटरची मोकळी जागा

आजच्या गोष्टीचा हिरो कॅमेरा नाही आणि लेन्सही नाही. हिरो आहे त्या दोघांमधली मोकळी जागा.

आधी थोडं गणित करू, घाबरू नका. प्रत्येक लेन्स माउंटपासून ठरावीक अंतरावरच स्पष्ट चित्र पाडते. १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफ माउंटचं हे अंतर ४६.५ मिलिमीटर, तर १९८७ च्या कॅनन ईएफचं ४४. म्हणजे निकॉनची लेन्स कॅननच्या बॉडीवर लावायची, तर मधे अडीच मिलिमीटरची रिंग बसवली की झालं. हीच रिंग म्हणजे अडॅप्टर. उलटं मात्र जमत नाही. कॅननची लेन्स निकॉनवर चढवायची तर ती बॉडीत अडीच मिलिमीटर आत घुसायला हवी, नाहीतर दूरचं काही फोकसच होत नाही. थोडक्यात, ज्या कॅमेऱ्याचं अंतर कमी, त्याची दोस्ती जास्त लेन्सशी.

आता या थेट २०१२ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने छोटा सिनेमा कॅमेरा जाहीर केला, ईएफ माउंटचा. त्याच वर्षी त्याची मायक्रो फोर थर्ड्स माउंटची आवृत्तीही जाहीर झाली. या माउंटचं अंतर फक्त १९.२५ मिलिमीटर! ४६.५ मधून वजा करा. २७ मिलिमीटरहून जास्त जागा मोकळी. पुढच्याच वर्षी याच माउंटचा पॉकेट सिनेमा कॅमेरा आला, किंमत ९९५ डॉलर. सिनेमाच्या लेन्सचा संच याच्या कितीतरी पट महाग. त्यामुळे कपाटात पडून असलेल्या जुन्या निकॉन लेन्सना अचानक भाव आला. त्यांच्यावर अ‍ॅपर्चरची रिंग असते, म्हणजे साधा अडॅप्टरही पुरतो.

पण एक गोची होती. पॉकेटचा सेन्सर जेमतेम साडेबारा मिलिमीटर रुंद, म्हणून तो चित्राचा फक्त मधला तुकडा बघायचा. ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर फुल फ्रेमवर १४४ ची लावल्यासारखं दृश्य. छोट्या खोलीत शूट करणाऱ्याने मागे सरकायचं तरी किती?

इथे ती मोकळी जागा कामाला आली. २०१३ मध्येच मेटाबोन्सने ब्रायन कॉल्डवेल यांच्या डिझाइनवर स्पीड बूस्टर काढला. हा अडॅप्टर नुसती पोकळ रिंग नाही, त्यात काचा आहेत. त्या चित्र आकुंचित करतात. पॉकेटसाठीच्या मॉडेलमध्ये ०.५८ पटीने, म्हणजे ५० ची लेन्स झाली २९ ची! शिवाय तोच प्रकाश कमी जागेत पडतो, म्हणून चित्र जवळपास तिप्पट उजळ. दिव्यांसाठी पैसे नसलेल्यांना यापेक्षा मोठी भेट कुठली?

कोडिंग करणाऱ्यांना यातली पुढची अडचण ओळखीची वाटेल. ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक आज्ञेवर चालतं. साध्या अडॅप्टरवर ते बदलताच येत नाही, त्यासाठी चिपवाला, लेन्सशी तिच्या भाषेत बोलणारा अडॅप्टर लागतो. म्हणजे जागा मोकळी असून भागत नाही, भाषाही कळावी लागते.

पुढे काय झालं? २०१९ चा पॉकेट ६के आला ईएफ माउंट घेऊन. ज्यांच्याकडे कॅननच्या लेन्स होत्या त्यांची सोय झाली, पण ती मोकळी जागा गेली. २०२३ च्या सिनेमा कॅमेरा ६के मध्ये एल माउंट आला, अंतर २० मिलिमीटर. जागा परत मिळाली.

म्हणून नवा कॅमेरा बघताना रिझोल्यूशनच्या आकड्याबरोबर हाही आकडा विचारा. तुमच्या जुन्या लेन्स कामी येणार की कपाटातच राहणार, ते त्यावर ठरतं. भेटू पुढच्या भागात!